भिमाची चाल

त्या दुष्काळात भूमच्या आठवडी बाजारात विकायला फारसं काही उरलं नव्हतं. पण पुतळाबाईला हवं होतं तेवढं मिळालं: तोंडाला फासायचा सफेदा आणि तो उतरवायला खोबरेल तेल. हणमंतप्पाच्या सर्कशीचा तंबू गावाबाहेर, कोरड्या नदीच्या काठी लागला होता. संध्याकाळी पहिला खेळ होता. तेलाची बाटली पदराखाली धरून ती एसटी स्टँडाकडून परत निघाली होती. ऊन डोक्यावरून नुकतंच कलंडलं होतं आणि रस्त्यावरचा फुफाटा चपलेतूनही भाजत होता.

"ओ बाई, तुमी सर्कशीतल्या ना?"

कडुलिंबाच्या झाडाखाली एक म्हातारी बसली होती. झाडाला पानं नव्हती, जनावरांसाठी कुणीतरी ओरबाडून नेली होती. म्हातारीच्या मांडीवर एक तान्हं पोर होतं.

"व्हय मावशी. का हो?"

"म्या धुरपता. पलीकडच्या बौद्धवाड्यातली. तुमी लई गावं फिरता, पुण्याकडं जाता, मुंबईकडं जाता. माझी लेक कुठं दिसली का इचारायचं हुतं."

"नाव काय तिचं?"

"भिमा. सावळी हाय. हनुवटीवर गोंदलंय." म्हातारीनं स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. "तलावाच्या कामावर जायची. थंडीत एक दिवस गेली ती परत आलीच न्हाय. मुकादम म्हंतो, टरकवाल्यासंगं पळाली. समदं गाव तेच म्हंतंय."

 पुतळाबाईही अशीच एका गावातून सर्कशीबरोबर गेली होती आणि तिच्या मागंही गाव हेच बोललं होतं. पळाली असेल तर बरंच झालं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात म्हातारीनं मांडीवरच्या पोराकडं बोट केलं.

"ह्ये तिचं. अंगावर पिणारं पोर टाकून कंची बाई पळंल, सांगा की तुमीच!"

म्हातारीच्या आवाजात रडणं नव्हतं. राग होता. महिनोन्महिने दारोदार विचारूनही न विझलेला राग. पुतळाबाईनं पोराच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "संध्याकाळी खेळाला या मावशी. माझं नाव सांगा दारावर, कुणी अडवणार न्हाय."

नाव पुतळा, पण तिचं अंग कधी स्थिर म्हणून नसायचं. आधी ती दोरीवर चालायची. एकदा पडली, खांदा निखळला आणि दोरी सुटली. मग तिनं स्वतःच एक खेळ बसवला. त्याचं नाव 'सावली'. बघ्यांमधून एखाद्याला हाताला धरून ती रिंगणात आणायची, त्याच्या पाठीमागं वीतभर अंतरावर उभी राहायची आणि म्हणायची, "चाला." तो चालला की ती चालायची. तो थबकला की थबकायची. त्याच्या पाठीचा बाक, लाजून मानेवर जाणारा हात, गुडघ्यातली कुरबुर, सगळं तिच्या अंगात उतरायचं. थोड्या वेळानं बघ्यांना वाटायचं, एकाच माणसाची दोन अंगं चालताहेत. लोक पोट धरून हसायचे आणि तो माणूसही हसायचा. पुतळाबाई कधी कुणाची टर उडवायची नाही. म्हणून तर लोक यायचे.

तंबूत हणमंतप्पा तिची वाटच बघत होता. भला माणूस, पण भित्रा. सोलापूरच्या पलीकडचा, बोलण्यात अजून कानडी हेल होता.

"पुतळा, आज मुकादम येणार आहे. उत्तरेश्वर मुकादम. तलावाच्या कामावरचा टँकर त्यानंच आपल्याकडं वळवलाय. घोडे त्याच्या पाण्यावर जगलेत, समजलं का? त्याला रिंगणात आणायचं नाही."

"मी कशाला आणू त्याला?"

"तुझा काय भरवसा नाही, म्हणून सांगतो."

घोडे तंबूमागं माना टाकून उभे होते. त्यांच्या बादलीतलं पाणी पिवळं होतं, पण पाणी होतं. पुतळाबाईनं मान डोलावली.

दिवस मावळता मावळता तंबू भरला. कामावरच्या बाया मागं जमिनीवर बसल्या. त्यांच्या पायांना मुरमाचा लाल रंग चढला होता, तो धुवायला घरी पाणी नव्हतं. पुढच्या खुर्च्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी आणि त्यांच्या मधोमध उत्तरेश्वर मुकादम. पांढरंशुभ्र धोतर, मनगटावर घड्याळ, हातात वेताची छडी. गॅसबत्त्या सूंऽऽ करत पेटल्या. ठिगळांतून बाहेरचा तांबूस उजेड अजून आत येत होता. घोड्यांचा, भुशाचा, घामाचा ओळखीचा वास कोंडला होता.

पुतळाबाई रिंगणात आली. सफेदा फासलेलं तोंड, अंगात काळा पोशाख. नेहमीसारखी ती मागच्या माणसांकडं वळली. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"ए सर्कसवाली! गरिबाच्या नकला काय करतीस? हिंमत असंल तर आमची करून दाखव!"

खुर्च्या हसल्या. मागच्या बाया हसल्या नाहीत. हणमंतप्पा पडद्याआडून हात हलवत राहिला, नको, नको. पण मुकादम तोवर उठून धोतराचा सोगा धरत रिंगणात उतरला होता.

"चाला," पुतळाबाई म्हणाली.

सुरुवात चांगली झाली. मुकादमाची चाल सोपी होती. छाती पुढं, टाच आधी, दर पावलाला छडीचा झटका. पुतळाबाईच्या हातात छडी नव्हती, तरी ती दिसायला लागली. तंबू हसला. मुकादमही खूष झाला. त्यानं छडी फिरवली, तिनं फिरवली. त्यानं घड्याळ बघितलं, तिनं बघितलं.

दुसऱ्या फेरीत तिला वास आला.

ओल्या मातीचा वास. वळवाच्या सरीनंतर येतो तसला नव्हे. खोल खणलेल्या खड्ड्याच्या तळाशी असतो तसला, थंड आणि कुबट. सगळ्या मुलखात चिमूटभर माती ओली नव्हती आणि तिच्या नाकात तो वास भरला. तिला वाटलं, मुकादमाच्या अंगाला येत असावा.

मग तिचा डावा पाय बाहेरच्या बाजूला फेकला गेला.

मुकादम तसा चालत नव्हता. तिनं पाय आवरला. पुढच्या पावलाला तो पुन्हा फेकला गेला आणि कमरेला एक हिसका बसला, लहानपणी पाय मोडून वाकडा जुळलेल्या माणसाला बसतो तसा. पुतळाबाई मनात म्हणाली, ही चाल माझी नाही. याचीही नाही. मग कुणाची? तिला भीती वाटायच्या आधी चीड आली. एवढी वर्षं तिनं या अंगावर मेहनत घेतली होती आणि आज न विचारता कुणीतरी ते वापरत होतं.

डोक्यावर ओझं आलं. मान ताठली. दोन्ही हात आपोआप वर गेले आणि नसलेल्या टोपलीच्या कडा त्यांनी धरल्या.

तंबूतलं हसू एका बाजूनं विझत गेलं. आधी मागच्या बायांचं, मग गड्यांचं. शेवटी खुर्च्यांवरचा एकजण उगाच हसत राहिला आणि आपला एकट्याचा आवाज ऐकून गप्प झाला. गॅसबत्त्यांची सूंऽऽ तेवढी राहिली.

"आगं... ही तर..." मागून कुणीतरी पुटपुटलं.

मुकादमाला पाठीमागचं दिसत नव्हतं. लोक का गप्प झाले ते त्याला कळेना. तो वळला. आणि पुतळाबाईला तो दिसला तो खालून. सपाट रिंगणात ती उभी होती, पण तिला तो वर, काठावर उभा दिसत होता आणि त्याच्यामागं पांढरं रखरखीत आभाळ. तिच्या ओठांनी काहीतरी विचारलं, आवाज फुटला नाही. मग दोन्ही बाजूंनी काहीतरी आलं. गुडघ्यांपर्यंत. कमरेपर्यंत. तिचे हात वर राहिले, बाकीचं अंग जागच्या जागी आवळलं गेलं. तोंडात मातीची चव आली. श्वास घ्यायला ती झगडली, पण छाती फुगायला जागाच नव्हती. हलत होती ती फक्त बोटं.

आणि त्याच वेळी मुकादमाचे पाय हलायला लागले.

आधी उजवा. टाच उचलून दाणकन आपटली. मग डावा. पुन्हा उजवा. भराव टाकल्यावर माती बसवायला गडी तुडवतात तसे त्याचे पाय पुतळाबाईभोवती फिरत तुडवत राहिले. तो दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरत होता, खाली दाबत होता. पाय ऐकत नव्हते.

"थांबव... थांबव हिला... माझे पाय..."

दाण्. दाण्. दाण्. भुसा उडत होता. सगळा तंबू बघत होता. ती वर हात केलेली बाई आणि तिच्याभोवती माती तुडवणारा मुकादम. कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

"भिमाऽऽ!"

धुरपताबाईची किंकाळी तंबूच्या कापडाला लागून परत आली. तशी पुतळाबाईची छाती मोकळी झाली. ती गुडघ्यावर कोसळली, खोकली, थुंकली. तोंडात काहीच नव्हतं. मुकादमही एकदम थांबला, धापा टाकत.

म्हातारी पोराला काखेत घेऊन धावत आली. "अशीच चालायची माझी लेक... कुणी सांगितलं तुला बाई? म्या तर सांगितलं न्हवतं..."

ते तान्हं पोर पुतळाबाईकडं झेपावलं. दुपारी त्यानं तिच्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. आता दोन्ही हात पसरून, ओठांनी चुटचुट आवाज करत तिच्या छातीशी लागायला बघत होतं. पुतळाबाईनं कधी मूल जन्माला घातलं नव्हतं. तिच्या काळ्या पोशाखाला पुढून ओल आली होती. घाम असेल, असं ती पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली.

"जादूटोणा!" मुकादमाला वाचा फुटली. "हणमंतप्पा, ही चेटकीण पाळलीस व्हय रे? कुणी शिकवलं हिला? उद्यापासनं एक थेंब पाणी मिळायचं न्हाय!"

पुतळाबाई उठली. सफेदा घामानं ओघळला होता. आयुष्यात ती मोठ्या माणसांशी कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"मला कुणी शिकवलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या पायांना ते तुडवणं कुणी शिकवलं, ते सांग आधी."

मुकादमानं छडी उगारली. पण मागून पार्वतम्मा उठली होती. कामावरची दणकट बाई, हातात नेहमी कुदळ असायची.

"म्या सांगते," ती म्हणाली. "भिमा त्याला म्हणली हुती, आमच्याच वाड्यातल्या बाया खालच्या चरात का घालता, वरचं काम दुसऱ्यास्नी का? त्याचा राग धरला ह्यानं. दुपारी समद्यांना सुकडी खायाला वर बोलावलं आन् तिला खालीच ठिवलं, तुझा चर पुरा कर म्हणून. आमी परत आलो तर दरड ढासळलेली, वर भराव टाकलेला. म्हणला, भिमा मेली, आता गप ऱ्हावा. साहेब बघायला येणार हुता दुसऱ्या दिवशी. काम बंद पडलं असतं ना ह्येचं!"

"खोटं!"

"आन् आमी गप बसलो," पार्वतम्मा त्याच्याकडं न बघता बोलत राहिली. "हजेरी ह्येच्या हातात. पोरं उपाशी. गप बसलो. पर पळाली, पळाली म्हणत हिंडलास ते कशापायी रं? मारलीस ती मारलीस, वर तिचं नावबी मातीत घातलंस?"

तंबूत एकदम गलका उठला. खुर्च्यांवरची मंडळी मागच्या मागं निघून गेली. कुणी मुकादमाला हात लावला नाही. लावायची गरज पडली नाही. दारापर्यंत जाईस्तोवर त्याचा उजवा पाय दोनदा उचलला आणि दाणकन आपटला.

सकाळी ऊन कोवळं असतानाच बाया तलावावर गेल्या. टोपल्या आपल्या, कुदळी आपल्या. फौजदार जीप घेऊन आला होता. मुकादमाला त्यानं सावलीत बसवलं होतं आणि बायांना सांगत होता, सरकारी बांध आहे, वरून हुकूम आल्याशिवाय हात लावता येणार नाही.

"माणूस गाडायला हुकूम लागला न्हाय," धुरपताबाई म्हणाली, "काढायला लागतोय व्हय?"

फौजदार जीपकडं वळला. पण बांध लांबच लांब होता आणि खणायचं कुठं ते पार्वतम्मालाही नेमकं सांगता येईना. तेव्हापासून त्यावर कितीतरी माती पडली होती. सगळ्याजणी पुतळाबाईकडं बघायला लागल्या.

"मला ठाऊक नाही," ती घाबरून म्हणाली.

"ठावं नसंल," पार्वतम्मा म्हणाली. "तू नुसती चाल."

ती चालली. आज तिनं अंगाला अडवलं नाही. थोडं अंतर ती स्वतःची चालली आणि मग डावा पाय बाहेर फेकला जाऊ लागला. सकाळच्या शांततेत बायांची पावलं मागून येत होती. ऊन असूनही तिला गारठल्यासारखं झालं. बांधाच्या मध्याच्या अलीकडं तिचे दोन्ही पाय थांबले. तिनं उचलायला बघितले, उचलेनात. तिला बाजूला घ्यायला दोन बायांना जोर लावावा लागला.

दुपारपर्यंत खणलं. आधी बायाच खणत होत्या, मग लाजून गडी उतरले. भिमा उभीच होती. दोन्ही हात वर, तोंड आभाळाकडं. धुरपताबाईनं हनुवटीवरचं गोंदण पदरानं पुसून बघितलं आणि आजूबाजूला जमलेल्या गावाला एवढंच म्हणाली, "बघा. हिथं पळाली हुती."

गावातली एकही मान वर झाली नाही.

पाणी बंद झालं, ते मुकादम म्हणाला होता तसंच. हणमंतप्पा डोक्याला हात लावून बसला. पण त्या संध्याकाळी बौद्धवाड्यातल्या बाया आल्या. कुणाकडं कळशी, कुणाकडं तांब्या, कुणाकडं डबा. स्वतःच्या घरातलं पिण्याचं पाणी त्यांनी घोड्यांच्या बादलीत ओतलं आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशी तंबू उतरवला.

पुढं काय झालं ते बाजारकऱ्यांकडून कळत गेलं. मुकादम आधी जामिनावर सुटला, मग अपघात म्हणून प्रकरण मिटलं. पावसाळ्याआधीच तो दुसऱ्या कुठल्याशा तलावावर छडी घेऊन उभा राहिला. ते ऐकलं तेव्हा पुतळाबाईनं हातातली ताटली तंबूच्या खांबावर फेकून मारली. भिमाचं मरण सरकारला अपघात वाटलं आणि तिला पळपुटी म्हणणारी तोंडं आता तिच्या नावानं हळहळत होती. एक मात्र लोक सांगायचे. मुकादमाला चार माणसांत नीट उभं राहता येत नाही. बोलता बोलता त्याचा पाय उचलतो आणि जमीन तुडवायला लागतो. घरातली माणसं त्याला खाटेला बांधून झोपवतात.

पुतळाबाईनं 'सावली' सोडली नाही. हणमंतप्पा म्हणाला, "दुसरं काहीतरी कर, पुतळा." ती म्हणाली, "का? चूक माझी आहे का?"

पाऊस झाला, एक सुगी गेली. सर्कस परंड्याच्या पलीकडं एका गावाशी उतरली होती. पुतळाबाई पूर्वी तिथं कधी आली नव्हती. गावाचं नावही तिनं विचारलं नव्हतं. भर दुपार होती. तंबू अजून उभा व्हायचा होता. आखलेल्या रिंगणात ती एकटीच सराव करत होती, खांदा मोकळा करत, फेऱ्या घालत. पाठीमागं कुणी नव्हतं, पुढंही कुणी नव्हतं.

फेरी घालता घालता तिची पावलं लहान झाली.

तिनं पाय लांब टाकायचा प्रयत्न केला. पडेना. पावलं वीतभर, भराभर, मधेच एक उडी. लहान मूल मोठ्या माणसाबरोबर चालताना मागं पडू नये म्हणून चालतं तसली. भिमाचं पोर तर आता कुठं धरून उभं राहत असेल. मग तिचा उजवा हात वर गेला, खांद्याच्याही वर, आणि मूठ वळली. कुणाचं तरी बोट धरावं तशी.

"कोण आहेस तू?" पुतळाबाईनं विचारलं. "कुणाचं आहेस...?"

पावलं रिंगणाबाहेर पडली. माळ ओलांडून ती चालली होती आणि समोर, गावाच्या अंगाला, एक तलाव होता. कधीचाच पुरा झालेला. बांधावर हिरवं गवत उगवलं होतं, गुरं चरत होती. भीती वाटली, पण त्याहून जास्त तिला संताप आला. एवढा की डोळ्यांत पाणी आलं. अजून किती? प्रत्येक हिरव्या बांधाला आता असं विचारत हिंडायचं का?

हणमंतप्पा हाका मारत धावत आला. त्यानं तिला खांद्याला धरून थांबवलं. तिची मूठ उघडेना. शेवटी दोघांनी मिळून एकेक बोट सोडवलं.

तळहात रिकामा होता. पण मधोमध, लालबुंद, त्या धरलेल्या बोटातल्या जाड अंगठीचा ठसा उमटला होता, आणि त्यावरची नक्षी बोटाचा धनी ओळखता येईल इतकी स्पष्ट दिसत होती.